गाडी धक्क्याला लागली की: ड्रायव्हर, टोळी आणि सुपरवायझर यांनी एकमेकांशी कसं वागायचं

भिवंडीच्या एका गोडाऊनवर मी आवक-जावक बघतो. त्याआधी वडिलांच्या दहाचाकी ट्रकवर होतो, आधी क्लीनर आणि लायसन्स निघाल्यावर ड्रायव्हर. धक्क्यावरची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्यावरची, भांडणं मी केबिनमधूनही बघितली आहेत आणि आता रजिस्टर हातात घेऊनही बघतो. हे लिहितोय मुख्यतः नव्याने सुपरवायझर झालेल्या पोरांसाठी, पण ड्रायव्हरच्या आणि मुकादमाच्या (हमालांच्या टोळीच्या म्होरक्याच्या) कामाचंही यात बरंच आहे.

सुरुवात पैशापासून करतो, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात. ड्रायव्हरचा पैसा खेपेवर. महिन्यात जितक्या खेपा जास्त तितकं घरी जास्त जाणार. टोळीचा पैसा टनावर किंवा नगावर. दिवसात जितका माल हलला तितकी मजुरी. आणि आपला पगार महिन्यावर. म्हणजे गाडी उभी राहिली की ड्रायव्हर बुडाला. गाडीत माल वेडावाकडा लागलेला असला, ताडपत्रीचे रस्से सुटत नसले, कागद अपुरे निघाले की टोळी बुडाली. सुपरवायझरचं मात्र यातल्या कशानेही काही जात नाही. ड्रायव्हरला वाटतं हमाल मुद्दाम रेंगाळतायत, हमालाला वाटतं ड्रायव्हर उगाच घाई करतोय, आणि दोघंही खरं तर आपापला रोज वाचवत असतात. हे ज्या सुपरवायझरला कळलं त्याचा धक्का शांत चालतो. ज्याचं काही जात नाही त्यानेच पुढाकार घ्यायचा असतो, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त सूचना आपल्यालाच आहेत.

गेटवर: वेळ लिहा आणि खरी सांगा

गाडी गेटवर आली की रजिस्टरमध्ये चार वेळा लिहायच्या: गेटवर आली कधी, धक्क्याला लागली कधी, माल सुरू कधी आणि संपला कधी. बहुतेक ठिकाणी गेटची आणि सुटल्याची एवढ्याच वेळा लिहितात आणि मधला सगळा काळ कोणाच्याच नावावर राहत नाही. चारही वेळा लिहिल्या आणि ड्रायव्हरची सही घेतली की हॉल्टिंगचा (गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशाचा) वाद उरत नाही. ट्रान्सपोर्टवाला विचारतो तेव्हा कागद बोलतो. ड्रायव्हरांनीही आपल्या बाजूने एवढं करावं, गेटवर पोचल्याबरोबर गोडाऊनच्या बोर्डासकट गाडीचा फोटो काढून ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर टाकावा. फोटोवर वेळ आपोआप राहते. नंतर कितीही बोललं तरी त्या फोटोइतकं वजन पडत नाही.

मग ड्रायव्हर विचारतो, “साहेब, नंबर कधी लागेल?” इथे नवे सुपरवायझर एक ठरलेलं उत्तर देतात: “बस, होईल अर्ध्या तासात.” पुढे चार गाड्या असतात, टोळी जेवायला गेलेली असते, आणि तरी अर्धा तास. असं सांगू नका. संध्याकाळचे सहा वाजणार असतील तर सहा सांगा. ड्रायव्हर चिडेल, पण जाऊन झोपेल, कपडे धुईल, डिझेल टाकून येईल, घरी निवांत फोन करेल. अर्धा तास म्हटलात की तो स्टेअरिंगवर बसून राहतो. ना झोप, ना जेवण, आणि रात्री तोच माणूस कसारा घाट चढणार असतो. मी ड्रायव्हर असताना उशीर सोसायचो; अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे ढकललेला उशीर मात्र सोसवायचा नाही.

आता तर हे आणखी खटकतं. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला, नागपूर ते आमणे 701 किलोमीटर, आणि आमणे म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातच. रस्त्यावर जे तास वाचले ते आपण गेटबाहेरच्या रांगेत खाऊन टाकतो. तिथे गाडी खोटी झाली तर ड्रायव्हरला रस्त्याचा काय उपयोग?

ई-वे बिलाचंही, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचंही, लक्षात ठेवा. बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे नागपूरच्या गाडीला चार दिवस. ही मुदत पार्ट बी मध्ये गाडी नंबर भरल्यापासून सुरू होते. काही डिस्पॅचवाले सकाळीच सगळ्या गाड्यांचे नंबर भरून मोकळे होतात आणि गाडी भरायला रात्र होते. तो दिवस ड्रायव्हरच्या डोक्यावर जातो, रस्त्यात अडवतात त्याला. माल पूर्ण भरल्यावरच पार्ट बी भरा. उतरवायला आलेल्या गाडीचं बिल रांगेतच संपत असेल तर ड्रायव्हरने ट्रान्सपोर्टला लगेच कळवायचं. मुदत संपण्याच्या आधी 8 तास आणि नंतर 8 तास एवढ्यातच ती वाढवता येते.

ठाण्यातून जाणाऱ्या गाडीला सोडण्याची वेळही बघा. अवजड गाड्यांना तिथे दिवसा ठरावीक वेळेतच सोडतात आणि त्या वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून त्या दिवसाची वेळ गेटवर खडूने लिहून ठेवा. कागदांसाठी तुम्ही दहा मिनिटं जास्त घेतलीत तर त्या माणसाचे कित्येक तास नाक्यावर जातात.

आणि गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. “शंभर दे, पुढे घेतो” हे चालू असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. टोकन नंबर द्या आणि कोणता नंबर चालू आहे ते बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा. एखादी गाडी औषधांची किंवा नाशवंत मालाची म्हणून मध्ये घ्यावी लागली तर रांगेतल्या ड्रायव्हरांना जाऊन कारण सांगा. कारण सांगितलं की माणसं ऐकून घेतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता खात्रीने सांगतो.

वाराई

या विषयावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माल भरण्या-उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरकडून रोख मागायचे याला आपल्याकडे वाराई म्हणतात. वाहतूकदार संघटना वर्षानुवर्षे “ज्याचा माल त्याचा हमाल” म्हणत आल्या आहेत आणि मला ते पूर्ण पटतं. ड्रायव्हर माल विकतही नाही, घेतही नाही. त्याने तो आणून पोचवायचा. उतरवण्याची मजुरी, म्हणजे उतराई, ज्याचा माल त्याने द्यावी.

पण दुसरी बाजूही समजून घ्या. हमाल पैसे मागतो म्हणून तो लुटारू नव्हे. 1969 चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला. टोळीच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो असतो तो उगाच नाही. त्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या टोळीची मजुरी आणि वरची लेव्ही (मजुरीवर ठरलेली जादा रक्कम) मालकाने माथाडी मंडळात भरायची आणि तिथून ती कामगाराच्या खात्यावर येते. त्यातूनच भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. जिथे हे नीट चालतं तिथली टोळी ड्रायव्हरपुढे सहसा हात पसरत नाही. जिथे मालक लेव्ही चुकवण्यासाठी बिगरनोंदणीची माणसं आणतो आणि अर्धी मजुरी “गाडीवाल्याकडून घ्या” म्हणतो, तिथे दोन गरीब माणसं एकमेकांच्या अंगावर जातात आणि ज्याने द्यायचे तो एसीत बसलेला असतो. ड्रायव्हरने हमालाला शिवी देण्याआधी आणि हमालाने ड्रायव्हरची चावी अडवण्याआधी हे आठवावं.

हाताळायचं कसं? ड्रायव्हरने गाडी लावण्याआधी, भाडं ठरतानाच विचारायचं: “उतराई कोणाकडे?” जे ठरेल ते बिल्टीवर (मालासोबतच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहून घ्यायचं. तोंडी ठरलेलं धक्क्यावर टिकत नाही. सुपरवायझरने गाडी आत घेण्याआधी बिल्टीवर तो मजकूर आहे का ते बघायचं. नसेल तर तिथेच, गाडी अजून गेटवर असतानाच, ट्रान्सपोर्ट आणि माल घेणारा दोघांना फोन लावायचा. अर्धा माल उतरल्यावर लावलेल्या फोनला कोणी धड उत्तर देत नाही.

गेल्या दिवाळीच्या गर्दीतली गोष्ट सांगतो. काचेच्या बाटल्यांचे क्रेट आले होते. मुकादमाने ड्रायव्हरकडे रक्कम मागितली, ड्रायव्हर म्हणाला माझ्याकडे डिझेलपुरते आहेत. आवाज चढले. टोळी गाडीचा मागचा फाळका उघडून तशीच बसली, मागे चार गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी मुकादम नानांना आणि ड्रायव्हरला, दोघांनाही, टेबलाशी बोलावलं, खुर्च्या दिल्या, आणि त्यांच्यासमोर माल घेणाऱ्याच्या माणसाला स्पीकरवर घेतलं. “तुमचा माल आहे, टोळी बसलीय, उतराई कोण देणार ते आत्ता सांगा, मी बिल्टीवर लिहितोय.” लिहितोय म्हटल्यावर तो वरमला. पैसे मुकादमाच्या खात्यावर आले, मोबाइल वाजला, नाना उठले आणि जाताना ड्रायव्हरला म्हणाले, “तू पण ये रे, वरचे क्रेट कुठे ढिले आहेत ते दाखव.” दोघं मिळून हौद्यात, गाडीच्या माल ठेवायच्या भागात, चढले. भांडण त्या दोघांचं नव्हतंच.

ड्रायव्हरने स्वखुशीने टोळीला चहा पाजला तर त्यात वावगं काही नाही. मागून घेतला की तो चहा राहत नाही.

गाडी मागे घेताना

झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायची एक रीत आहे. केबिनवर सळई आपटू नका. आधी फोन करा. उचलला नाही तर दाराशी जाऊन हाताने ठोका आणि नावाने किंवा “भाऊ” म्हणून हाक मारा. उठल्यावर तोंड धुवायला दहा मिनिटं द्या. हा नुसता चांगुलपणा नव्हे. अर्धवट झोपेतला माणूस दहाचाकी रिव्हर्स घेत असतो तेव्हा मागे टोळीची माणसं उभी असतात.

इशारा एकच माणूस देणार. चार जण चारी बाजूंनी “येऊ दे, येऊ दे” करायला लागले की ड्रायव्हर कोणाचं ऐकणार? इशारा देणारा त्याला आरशात सतत दिसला पाहिजे. दिसेनासा झाला तर गाडी थांबवायची, हे दोघांनी आधी बोलून घ्यायचं. धक्का आणि गाडी यांच्या मधल्या फटीत कोणीही उभं राहायचं नाही, पडलेली पावती उचलायलासुद्धा नाही.

गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाखाली लाकडी ठोकळा, आणि चावी काढून धक्क्यावरच्या खिळ्याला. चावीवरून खूप मानापमान होतात. काही सुपरवायझर हात पुढे करून “चावी दे” म्हणतात, जणू ड्रायव्हर पळून जाणार आहे. कारण सांगा. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या वर असतं. ती हौद्यात असताना गाडी दोन फूट जरी पुढे सरकली तरी चालवणारा पोरगा मशीनसकट खाली जातो. हे एकदा नीट सांगितलं की ड्रायव्हर स्वतः चावी आणून देतो. चावीच्या बदल्यात त्याला त्याच नंबरचा बिल्ला द्या, म्हणजे त्याचीही खात्री राहते.

कंटेनर असेल तर आधी सीलचा नंबर कागदाशी जुळवा, ड्रायव्हरसमोर, फोटो काढून, मग तोडा. दार उघडताना बाजूला उभं राहा. घाटात माल सरकलेला असतो, दार सुटल्याबरोबर पेटी अंगावर येते. कुठला घाट कसा लागला, माल कुठे हलल्याचा आवाज येत होता, हे ड्रायव्हरला माहीत असतं. त्याला विचारा. एवढी उपयोगाची माहिती फुकट मिळत असताना फारच कमी लोक विचारतात.

ताडपत्री आणि रस्से सोडणं ड्रायव्हर-क्लीनरचं काम, हे खरं. पण हल्ली बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो. पन्नाशीचा माणूस एकटा टपावर चढून पावसाने भिजलेली ताडपत्री ओढत असतो आणि खाली सहा जण बघत उभे असतात, हे दृश्य मला बघवत नाही. मुकादमाने दोन पोरं वर पाठवावीत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ताडपत्री लवकर निघाली तर टोळीचाच माल लवकर सुरू होतो. उलट ड्रायव्हरनेही नंबर जवळ आला की गाठी आधीच ढिल्या करून ठेवाव्यात. फक्त पावसात नाही. जुलैत ताडपत्री धक्क्याच्या छपराखाली आल्यावरच काढायची, नाहीतर खोक्यांचे तळ ओले होतात आणि ते डॅमेज कोणाचं यावर पुन्हा सुरू.

माल भरताना

पहिली थप्पी लावण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं, वजन कुठे घ्यायचं. गाडी त्याला चालवायची आहे. मागे वजन जास्त झालं तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग धरत नाही. टोळीने माल लावून झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला की हलवा, तर टोळीची मेहनत दुप्पट आणि मजुरी तेवढीच, मग ते चिडणारच. म्हणून ड्रायव्हरने सुरुवातीलाच हौद्याजवळ उभं राहायचं, केबिनमध्ये रील बघत बसायचं नाही.

ओव्हरलोडला ड्रायव्हर नाही म्हणाला तर ते नाही मानायचं. 2018 साली एक्सललोड (चाकांच्या आसावर चालणाऱ्या वजनाची मर्यादा) वाढवल्यावर दहाचाकीला मालासकट 28.5 टन चालतात. त्यावर गेलं तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च. “थोडंच आहे, घे ना” म्हणणारा सुपरवायझर नाक्यावर नसतो. आधी रिकाम्या गाडीचा काटा, मग भरल्यावरचा काटा, दोन्ही पावत्या ड्रायव्हरच्या हातात.

गोण्यांच्या कामात हमालाच्या पाठीचा विचार करा. 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चालणारा माणूस मध्येच थांबू शकत नाही. त्याच्या वाटेत उभं राहून फोनवर बोलू नका, त्याला हाक मारून प्रश्न विचारू नका. जे विचारायचं ते मुकादमाला विचारा. पाणी प्यायला टोळी बसली तर ती आळस करत नाहीये. मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद हौद्यात तुम्ही पाच मिनिटं उभं राहून बघा.

मोजणी आणि डॅमेज

नग कमी भरले तर पैसे शेवटी ड्रायव्हरच्या बॅलन्समधून (उरलेल्या भाड्यातून) कापले जातात, म्हणून मोजणीत तो चिवटपणा करणार. त्यावर चिडू नका. मोजणी तिघांची हवी: मुकादम, ड्रायव्हर आणि आपला माणूस. शेवटी एकदम मोजायचं नाही. एक थर झाला की आकडा तिघांनी मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा. जुने मुकादम पहिल्या नगाला “एक” न म्हणता “लाभ” म्हणतात, मला ते ऐकायला फार आवडतं, पण लिहिताना आकडाच लिहा.

फुटलेली, भिजलेली पेटी दिसली की तिथेच थांबायचं. हौद्यात आहे त्या जागी फोटो घ्यायचा, मग उचलायची. उतरवताना आपल्या माणसाच्या हातून पडली असेल तर तसं लिहायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण ड्रायव्हर उद्या निघून जाणार आणि टोळी रोज आपल्यासोबत असणार, त्यामुळे दोष गाडीवर टाकायचा मोह होतो. टाकू नका. मुकादमालाही आतून माहीत असतं खरं काय झालं, आणि खोटं लिहिणाऱ्या सुपरवायझरला टोळीसुद्धा मानत नाही. ड्रायव्हरने बिल्टीवरचा शेरा वाचल्याशिवाय सही करायची नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, आणि वाचून दाखवायला आपण नाही म्हणायचं नाही.

बोलणं, पाणी, संडास

“ए ड्रायव्हर”, “ए हमाल” बंद. मराठी असेल तर भाऊ, दादा, वयाने मोठा असेल तर काका, मामा. पंजाबचा असेल तर पाजी. धक्क्यावर बोली हिंदीच चालते, त्यातही “तू” नाही, “आप”. नामक्कलच्या बाजूचे तमिळ ड्रायव्हर येतात, त्यांच्यातल्या काहींना हिंदी नीट येत नाही. त्यांच्यावर ओरडून भाषा समजत नाही. कागदावर लिहून द्या: धक्का 4, वेळ 3:00. आकडा सगळ्यांना वाचता येतो.

ड्रायव्हरांसाठी संडास उघडा ठेवा. स्टाफचा आहे, बाहेरच्यांना नाही, असा बोर्ड लावणारी गोडाऊनं आपल्याच पट्ट्यात आहेत, आणि मग तेच लोक तक्रार करतात की कुंपणाजवळ घाण होते. पिण्याच्या पाण्याचा नळ रांगेच्या बाजूला घ्या. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, ते चांगलंच झालं, पण रांगेत उभ्या असतात त्या अजून जुन्याच गाड्या, दुपारी आत बसवत नाही. एक पत्र्याची शेड आणि चार बाकडी एवढा खर्च कुठल्याही मालकाला जड नाही. स्टोव्ह पेटवायची जागा गोडाऊनपासून लांब, आखून द्या. जागा न देता नुसतं “इथे जेवण करायचं नाही” म्हटलं तर तो गाडीच्या आडोशाला, पुठ्ठ्यांच्या ढिगाजवळ पेटवणार.

ड्रायव्हरांनीही टोळीच्या जागेत चप्पल घालून जाऊ नये, त्यांच्या माठातलं पाणी विचारून घ्यावं, आणि धक्क्यावर गुटखा थुंकू नये. तिथेच ते लोक दुपारी भाकरी खायला बसतात.

माल संपल्यावर पोचपावती लगेच द्या. सही-शिक्क्याची पोच ट्रान्सपोर्टला मिळाल्याशिवाय ड्रायव्हरचं उरलेलं भाडं सुटत नाही. “साहेब जेवायला गेलेत, शिक्का कपाटात आहे” हे उत्तर मी आमच्याकडे चालू दिलेलं नाही. शिक्का धक्क्यावरच्या टेबलाच्या खणात असतो आणि खणाची किल्ली ज्याची पाळी त्याच्याकडे. पोच दिली की ती आपल्याही मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रस्त्यात कागद भिजतात, हरवतात, आणि चार दिवसांनी ड्रायव्हरचा फोन येतो तेव्हा त्याला पाठवायला फोटो तयार असतो.